एका गुणाचे भरीत

हिवाळ्यातला उजेड आमच्या शेतावर एकदम येत नाही. आधी विहिरीच्या काठावरच्या दगडांचा काळेपणा थोडासा कमी होतो. मग तुरीच्या ओळी एकमेकींपासून वेगळ्या दिसू लागतात. त्यांच्या शेंड्यांवरची पिवळी फुले मात्र अजून राखाडीच असतात. नंतर केव्हातरी पूर्वेकडच्या पत्र्याला पडलेल्या खिळ्याच्या भोकातून एक बारीक किरण खोलीत उतरतो, समोरच्या मातीच्या भिंतीवर रुपयाएवढा डाग होऊन थांबतो आणि अगदी सावकाश खाली सरकू लागतो. वाटेत त्याला आधी फवारणीचा पंप भेटतो, मग दोराचे वेटोळे, मग खुंटीला अडकवलेली चाळणी. बाहेरचा उजेड खोलीभर पसरतो आणि त्या डागाला फारसा अर्थ उरत नाही, तेव्हा कुठे तो माझ्यापाशी येतो. इतक्या वर्षांच्या हातांनी माझी कड गुळगुळीत झाली आहे. तिच्यावर तो क्षणभर चमकतो आणि दिसेनासा होतो. या उजेडात विशेष असे काहीच नसते. त्याची कोणी वाट पाहत नाही, तो आल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कदाचित म्हणूनच मला तो फार जवळचा वाटतो.

मित्रांनो, ज्या खुंटीवर हा उजेड सर्वांत शेवटी पोहोचतो, तिच्यावर टांगलेली मी एक जुनी बडगी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल. आमच्या खानदेशात भरताची वांगी भाजल्यावर ज्या लाकडी भांड्यात ठेचतात, त्याला बडगी म्हणतात. अखंड लाकूड आतून कोरून मला केलेले आहे. माझ्या जोडीला एक लाकडी मुसळी आहे. आम्ही दोघी एकाच झाडाच्या.

ते झाड बाभळीचे होते आणि याच शेताच्या बांधावर उभे होते. एका उन्हाळ्यात वादळाने ते आडवे केले. शेताचे मालक झुलाल आबा तेव्हा तरुण होते. त्यांनी खोडाचे तुकडे करून चुलीसाठी रचायला घेतले होते. त्याच दिवशी वखराची दांडी दुरुस्त करायला उखर्डू मिस्तरी आले. त्यांनी एका तुकड्यावर हात फिरवला, कान लावून तो ठोकून पाहिला आणि म्हणाले, "झुलालभाऊ, हाई खोड चुल्हामा घालू नको. याना पोटमा एक भांडं शे."

माझ्या पोटात काहीतरी आहे, असे माझ्याविषयी म्हणणारे ते पहिले माणूस. त्यांच्या पटाशीने मला पुष्कळ दुखावले असेल, पण आज आठवतो तो केवळ त्यांचा तळहात. दर थोड्या वेळाने ते थांबत आणि माझ्या आतून तो हळुवार फिरवून खडबडीत जागा शोधत. आता ते हयात नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. लाकडाला ते मानताही येत नाहीत.

त्यानंतरची माझी वर्षे कमलबाई अक्कांच्या हातांखाली गेली. अक्का म्हणजे आबांची पत्नी. कापसाच्या वेचणीला माणसे आली की दुपारी त्यांच्यासाठी भरीत होई. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात, साल निघे, माझ्यात आधी मिरच्या आणि लसूण ठेचला जाई आणि मग वाफाळता गर पडे. काम झाले की अक्का मला राखेने घासत, उन्हात पालथी घालत आणि आठवड्याला शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवत. लाकडाला तेल लागते, मित्रांनो. ते मिळाले नाही तर ते आतल्या आत सुकत जाते आणि बाहेरून कोणाला काही कळत नाही.

पुढे घरात मिक्सर आला. तो क्षणात काम करी आणि धुवायलाही सोपा होता, त्यामुळे माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. मी घरातून शेतावरच्या या खोलीत आले आणि बराच काळ माझ्यात फक्त खिळे आणि सुतळ्या राहिल्या.

त्या सुतळ्या बाहेर काढल्या सुलक्षणाने. आबांची ही मुलगी तेव्हा पारोळ्याच्या कॉलेजात होती आणि कॉलेजच्या मुलींच्या संघातून बास्केटबॉल खेळत असे. एका संध्याकाळी धुळ्याहून सामना जिंकून परतताना संघाच्या गाडीचे चाक नेमके आमच्या शेतासमोर पंक्चर झाले. सुलक्षणा सगळ्या मैत्रिणींना घेऊन खळ्यात आली. घरून डबा आणायला वेळ नव्हता, मिक्सर घरी होता आणि शेतात वांगी होती. अक्कांनी मला खुंटीवरून काढले, पाण्याने खळखळून धुतले आणि त्या मुलींना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी पोटभर भरीत वाढले. मुली खात होत्या, सामन्यातली एकेक गोष्ट सांगत होत्या आणि हसताना त्यांच्या हातातले घास खाली पडत होते. बास्केटबॉल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या वर्षी त्या जिंकल्या, तेव्हा गाडी आपण होऊन थांबली. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारपाजारची माणसेही जमली. सुलक्षणा लग्न होऊन नाशिकला गेली, संघात नव्या मुली आल्या, पण रीत राहिली आणि हळूहळू तिला नियमही आले. हंगामाचा पहिला सामना जिंकला की त्याच संध्याकाळी आबांच्या खळ्यात भरीत व्हायचे. वांगी दुपारीच तोडून तेल लावून ठेवायची, पण सामना संपल्याचा फोन आल्याशिवाय काडी पेटवायची नाही. पहिला घाव कोणी घालायचा ते संघाच्या कर्णधाराने सांगायचे. मुसळी हाती घेणाऱ्या मुलीचे नाव मग वर्षभर गावात निघत असे.

खिळे आणि सुतळ्या सांभाळणाऱ्या भांड्याला असा मान मिळाला, तर त्याच्या मनात काय येईल? मी विजयाचे भांडे आहे, असे मी मानू लागले. बास्केटबॉल म्हणजे नेमके काय असते ते मी कधी पाहिलेले नाही. पण जिंकून आलेल्या हातांचा जोर मला ओळखू येतो, असे मला वाटत असे.

मग दोन हंगाम असे गेले की संघ पहिल्याच सामन्यात हरला. या स्पर्धेत एकदा हरले की वर्ष संपते. दोन्ही हिवाळे मी खुंटीवर काढले. सणावाराला लागणारी भांडी इतर दिवशी वर ठेवलेलीच बरी, अशी मी माझी समजूत घालत होते.

या वर्षीचा पहिला सामना धुळ्याला होता आणि समोर जामनेरकडचा संघ होता. दुपारीच अक्कांनी फिकट हिरवी, मोठाली वांगी तोडून आणली आणि ती तेल लावून परातीत मांडली. शेजारच्या शेतातल्या प्रमिलाबाई भाकऱ्या थापायला आल्या. त्यांनी एकही सामना प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण संघातल्या प्रत्येक मुलीच्या खेळाविषयी त्यांचे ठाम मत असते. आबांनी आपला फोन लिंबाच्या फांदीला पिशवीत टांगला आणि आवाज मोठा केला. पलीकडून बोलणार होता आबांचा पुतण्या ज्ञानेश्वर. संघाची गाडी तोच चालवतो. खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे मला खुंटीवरून सारे दिसत होते.

फोन वाजला तेव्हा सामना निम्मा झाला होता. ज्ञानेश्वरचा आवाज आनंदाने फुटत होता. "आबा, आपन भलता फुढे शेतस! त्यास्ले बॉलच दिसत नही!"

आबा लगेच काड्यांच्या ढिगाकडे वळले.

"आहो, थांबा ना जराखं," अक्का म्हणाल्या. "शेवटली शिट्टी तं वाजू द्या."

"अवं, इतला फुढे शेतस त्या. आते काय हरतस? पोरी येतीन तवय गरम गरम तयार ऱ्हाई," असे म्हणून आबांनी काडी ओढली.

दोन वर्षे थांबलेल्या माणसाची घाई होती ती. कपाशीच्या काड्या भडभडून पेटल्या. वांग्यांची साल काळी पडली, तडकली, आणि तो ओळखीचा धुरकट वास खोलीपर्यंत आला. माझ्या सुकलेल्या अंगात काहीतरी हलले.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला.  या वेळी ज्ञानेश्वर दबकत म्हणाला, "आबा... तुम्हीन इस्तो तं नही पेटाडा ना?"

आबांनी समोरच्या विस्तवाकडे पाहिले. "नही रे," ते म्हणाले.

"पेटाडा! पेटाडा!" प्रमिलाबाई भाकरी हातात घेऊनच ओरडल्या. "वांगा फुटी राहिनात आठे!"

"मंग इझाडा ना! पोरीस्नं काय व्हयनं कोन जाने, त्यास्ना पॉइंटवर पॉइंट व्हई राहिनात!"

आबा पाण्याची बादली घेऊन धावले. अक्कांनी त्यांचा हात धरला. "पानी टाकशात तं वांगा बी जातीन नि जीत बी जाई. आते जे व्हई ते व्हई."

"आबा, पोरी तठे खेळी राहिन्यात, नि तुम्हीन आठे त्यास्नी जीत भाजी टाकी," प्रमिलाबाई म्हणाल्या. एरवी आबांनी त्यांना उत्तर दिल्याशिवाय सोडले नसते. आज ते लिंबाखाली खाली मान घालून बसले. अक्का भाजलेली वांगी बाजूला काढून झाकत होत्या, पण मला खुंटीवरून काढायला त्या आल्या नाहीत. भरीत होणार की नाही हे न ठरलेली वांगी झाकणाखाली घाम सोडत पडली होती आणि फोन गप्प होता.

तो वाजला, तेव्हा आधी पुष्कळ माणसांचा गलका ऐकू आला. मग ज्ञानेश्वर म्हणाला, "जिकनात आबा. एक पॉइंटनी."

"आसं काय सांगस रे? कोनी मरनं का काय?"

"देखं असतं तुम्हीन तं तुमना बी आसाच आवाज निंघता. शेवटले एक पॉइंटनी फुढे व्हतूत. आपली शीतलले दोन फ्री थ्रो भेटनात. तिनी दोन्ही सोडात. मंग त्यास्नी बॉल लिधा, पयत गयात, नि शिट्टी वाजता वाजता टाका. बॉल रिंगवर फिरना, फिरना, फिरना... नि बाहेर पडना. आत पडता तं गयं व्हतं बठ्ठं."

फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी आडवे न येता, एका जागी उभे राहून टाकायची फेक. ती चुकली की पाहणाऱ्यांच्या सर्वांत जास्त जिव्हारी लागते, असे मी ऐकून आहे. ज्ञानेश्वरच्या आवाजात तेच होते.

संघाच्या गाडीआधी मोटारसायकलींवरून धुळ्याला गेलेले समर्थक येऊन पोहोचले. हरलेल्या माणसांसारखे त्यांनी गाड्यांचे स्टँड लावले.

"याले काय जिकनं म्हनतस का?" एकजण म्हणाला.

"जिकनं ते जिकनं. फुढला सामना तं भेटना ना!"

"आसंच खेळनात तं फुढला सामनामा लोके तोंडवर हसतीन, भो."

"मी तं सात देवस्ले नारळ बोली बसनू," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आते इतला नारळ कोन फोडी?"

"रिंगले सांगा फोडाले. तिनीच जिकाडं."

"मंग आज मुसळी बी तिलेच द्या! जा रे कोनी, धुळाथून रिंग काढी आना!"

सगळे हसले, पण ते हसणे लवकर संपले. मग त्यांच्यापैकीच एकजण आबांना म्हणाला, "आबा, वांगा भाजेल शेत, खाई लेवूत. पन बडगी ऱ्हाऊ द्या. बडगी काढासारखं काय करं त्यास्नी?"

मित्रांनो, मला त्याचे म्हणणे पटले. दोन वर्षे वाट पाहिल्यावर माझ्या वाट्याला असा लटपटता, दुसऱ्याच्या चुकीने पदरात पडलेला विजय यावा, याचे मला वाईट वाटले. अजून एक वर्ष खुंटीवर काढावे आणि एखाद्या नीट जिंकलेल्या सामन्याच्या दिवशीच खाली उतरावे, असेही मनात येऊन गेले.

सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला तेव्हा गाडी आली. मुली एकेक करून उतरल्या. नेहमी त्यांच्या आधी त्यांचा आवाज खळ्यात पोहोचत असे. आज त्या पाहुण्यांसारख्या चपला काढून कडेला उभ्या राहिल्या. सर्वांत शेवटी उतरली कर्णधार दिपमाला. तिच्या हातात घडी केलेला एक खेळाचा शर्ट होता.

"शीतल कथी शे?" अक्कांनी विचारले.

"गाडीमा. उतरत नही." दिपमालाने तो शर्ट छातीशी धरला. "तिनी हाऊ शर्ट काढी दिधा, अक्का. सांगस, सोमवारपासून खेळाले येत नही. मनामुळे बठ्ठ्यास्नी मान खाले गयी सांगस."

 मोटारसायकलवाल्यांपैकी एकाने उगाच विस्तवात काडी सारली. मघाशी तेथे जे बोलले गेले होते, तेच गाडीत बसलेली मुलगी स्वतःशी बोलत होती, हे सर्वांना समजले असावे.

"मुसळी कोनले देवानी ते मी सांगानं ना?" दिपमालाने विचारले. "रीत शे ना तशी? मंग मी शीतलनं नाव लेस."

"शीतलनं?" प्रमिलाबाईंनी भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. "काब वं?"

"काबबिब नही. आज तिनाथून सुटनात, उद्या मनाथून सुटतीन."

"अवं पन लोके काय म्हनतीन?"

अक्कांनी हे काही ऐकले की नाही, कोण जाणे. त्या दिपमालाकडे पाहत होत्या. "ती जेवनी का?" त्यांनी विचारले.

"कोन?"

"शीतल. काही खादं का तिनी?"

दिपमाला गोंधळली. "सकायपासून काहीच नही. मॅचना आगोदर तिले जातच नही. नि नंतर... चहा बी नही पिधा."

अक्का खोलीत आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढले, रांजणातल्या पाण्याने धुतले, पदराने पुसले आणि हातावर तेल घेऊन ते माझ्या आतून फिरवले. दोन हिवाळे कोरडे गेल्यावर मला तेल लागत होते. लाकडाने ते इतक्या अधाशीपणे ओढून घेतले की अक्कांनी दुसऱ्यांदा हात बुडवला. मग त्यांनी माझ्यात मिरच्या, लसूण आणि सोललेली वांगी घातली, मला कमरेवर घेतले आणि खळ्यात ठेवण्याऐवजी त्या सरळ गाडीकडे चालू लागल्या. आजवर माझी जागा खळ्याच्या मधोमध होती, सगळ्यांना दिसेल अशी. गाडीच्या मागच्या दाराच्या पायरीवर मी पहिल्यांदाच बसले.

आत बाकावर एक उंच, सडपातळ मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"अक्का, मनावर दया करू नका," ती म्हणाली. "मी मुसळीले हात लावाव नही."

"दया कोन करी राहिनं? मना खांदा दुखस. वांगा थंडा व्हई राहिनात. ठेची दे."

"बठ्ठ्या लोके देखी राहिनात. त्यास्ले पटाव नही. माले बी पटत नही."

"देखू दे. वांगास्ले पॉइंट समजतस नही, बाई."

 शीतल बाकावरून पायरीजवळ सरकली आणि तिने मुसळी उचलली.  जिंकून आलेल्या हातांचा जोर मला ओळखता येतो, असे मी मघाशी म्हणाले. तिच्या हातांत तो नव्हता. पहिला घाव वांग्यांवर पडलाच नाही. तो माझ्या कडेवर बसला, मुसळी घसरली आणि मिरचीचे पाणी उडून दिपमालाच्या गालावर गेले.

"माय वं!" दिपमाला डोळे चोळत ओरडली. "आठे बी बाहेर टाका का तुनी?"

 अशी थट्टा आज कोणी करावी की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. मग गाडीतून एक विचित्र आवाज आला. शीतलला हसू फुटले होते आणि रडूही येत होते, आणि दोन्ही आवरण्याच्या नादात तिने मुसळी जोराने खाली आणली. या वेळी ती वांग्यांच्या मधोमध पडली.

"हां! हाऊ गया आत!" लिंबाखालून आबा ओरडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ज्याने बडगी राहू द्या म्हटले होते, त्यानेही वाजवल्या.

तिने एवढा वेळ ठेचले की अक्कांना तिला थांबवावे लागले. मग केळीची पाने मांडली गेली, गरम तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे भरतात मिसळले आणि प्रत्येकीच्या पानावर कळण्याची भाकरी आली. शीतल मैत्रिणींच्या मध्ये बसली. पहिला घास तिने खाली मान घालून घेतला. दुसऱ्या घासापासून मान खाली आहे की वर, याचे तिला भान राहिले नाही. तिचे पान दोनदा रिकामे झाले. दिपमालाच्या मांडीवरचा तो शर्ट केव्हा शीतलच्या मांडीवर गेला, ते मला दिसले नाही, पण त्याला तेलाचा हात पुसताना मी तिला पाहिले आणि दिपमाला तिला "वं, धोवाले तूच घेजो आते!" असे म्हणाली, तेही ऐकले.

"काय वं पोरीसहो, इतली भूक!" तिसऱ्यांदा भाकऱ्या वाढताना प्रमिलाबाई म्हणाल्या. "हरी उनात आसतात तं काय करतात?"

त्या सहज बोलून गेल्या होत्या. पण अक्का वाढता वाढता थांबल्या. "खरंच वं दिपमाला," त्यांनी विचारले, "गये साले हरी उनात तवय काय खादं व्हतं तुम्हीन?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिले.

"काही नही," दिपमाला म्हणाली. "गाडी आठूनच गयी, अक्का. ज्ञानेश्वर काकाले मीच सांगं, थांबाडू नको. तुमना खयामा दिवा व्हता. तुम्हीन दारमा उभ्या दिसनात."

"मी वांगा तोडी ठेवं व्हतं."

"माहीत व्हतं आमले."

"नि त्याना आदला साले?"

"तवय बी तसंच."

"आमले वाटनं," शीतल अगदी हळू म्हणाली, "हरेलस्ले आठे..." आणि तिने वाक्य पुरे केले नाही. अक्कांनी तिच्या पानावर पुन्हा भरीत वाढले. ते मागितले नव्हते.

थोड्या वेळाने त्या ज्ञानेश्वरला म्हणाल्या, "फुढे हरतीन तरी गाडी आठेच उभी करजो. आयकं का?"

"आयकं, काकू."

"आनि तुम्हीन," त्या आबांकडे वळल्या, "जवय पेटाडानं तवय पेटाडा इस्तो. फोननी वाट देखू नका."

आबा मान वर करून हसले.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला राखेने घासले आणि उन्हात पालथी घातली. आता मी पुन्हा खुंटीवर आहे. माझ्या कडेवर शीतलच्या पहिल्या घावाची एक नवी खूण आहे. उखर्डू मिस्तरींनी जिथे जिथे हात फिरवला, तिथल्या कोणत्याही गुळगुळीत जागेइतकीच ती मला प्रिय आहे. मला कोरणाऱ्या हाताची, तेल लावणाऱ्या हाताची आणि त्या नेम चुकलेल्या हाताचीही मी ऋणी आहे. बाभळीच्या एका तुकड्याला याहून जास्त काय मिळायचे असते?

तुमच्याकडेही एखादे जुने भांडे असेल, मोठ्या दिवसासाठी वर ठेवलेले. त्याला खाली काढा. तेल लावा. साध्या दिवशी, पडेल चेहऱ्याने कोणी दारात आले तर त्याच्यासाठीही ते वापरा. भांड्याला मान नको असतो. मला तो हवा होता, म्हणून मी हे सांगते आहे.

सकाळी तो उजेडाचा डाग भिंतीवरून उतरत येतो तेव्हा मी त्या दोन हिवाळ्यांविषयी विचार करते. संघ हरला होता, तेव्हा मला काढण्याचा प्रश्नच नव्हता, असे मी स्वतःला सांगत आले. सामन्याचा निकाल मला ठाऊक होता. गाडी रस्त्यावरून न थांबता गेली, तेही मी ऐकले होते.

त्या गाडीतल्या मुली उपाशी होत्या.